जोडीची फेरी

सीझन संपला की लोकांना वाटतं, फुटबॉलवाल्या पोरी आता घरी लोळत असतील. लोळतात कसल्या! खरा घाम निघतो तो त्याच दिवसांत. सामने असतात तेव्हा निदान चेंडू तरी असतो, ज्याच्यामागे धावायचं ते डोळ्यांसमोर असतं. ऑफ-सीझनला चेंडू माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवलेले असतात आणि पोरी नुसत्या पळत असतात. पळा, उड्या मारा, पायऱ्या चढा, पायऱ्या उतरा, पालथ्या पडून कोपरांवर अंग तोलून धरा. "मावशी, एक तरी चेंडू दे ना गं, नुसता बघायला," अशी नाटकं करत खिडकीशी येतात. मी म्हणते, "चेंडू झोपलेत. पळा इथून."

मी मैदानावरची किटवाली. प्रेक्षक बसतात त्या पायऱ्यांखाली माझी खोली आहे. कपडे धुवायची दोन मशीन, एक लांब टेबल, भिंतभर फळ्या, आणि एक खिडकी, जिच्यातून मी पोरींना सरावाच्या जाळीदार बंड्या देते आणि परत घेते. पोरी तोंडावर मला मावशी म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. म्हणू देत. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की खुद्द कोचसुद्धा मैदानाच्या पलीकडच्या टोकाला काहीतरी काम काढतात.

ऑफ-सीझनला गवतालाही सुट्टी असते. गोलच्या जाळ्या उतरवायच्या, जिथे माती उघडी पडली तिथे नवं गवत लावायचं, चारी बाजूंनी दोरी बांधायची. चुकून कोणाचं पाऊल आत पडलं की माळी अंगावर धावून येतो. म्हणून पोरी पळतात त्या कडेच्या खडीच्या वाटेवरून, आणि ती वाट माझ्या खिडकीला चिकटून जाते. इतकी वर्षं ऐकून मला एकेकीचं पाऊल पाठ झालंय. खाली मान घालून घड्या घालत असले तरी सांगते कोण गेली ते. गोलकीपर धपधप. खांब म्हणतात ती पोरगी लांब लांब ढांगा टाकत. आणि माझी लेक डावी टाच घासत. टप, खर्र. टप, खर्र. लहानपणापासूनची खोड. "टाच उचल! अगं, टाच उचल!" असं ओरडून ओरडून कोचचा घसा बसायचा. शेवटी पोरींनी तिचं नावच टाच ठेवलं. मग घरीही तेच झालं. तिचे बाबासुद्धा "टाच, ताट घे," म्हणायला लागले.

ती गेली. शेवटचे सामने चालू होते, ताप आला, तो डोक्यात गेला, आणि ती गेली. याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि कोणी विचारलं तर मी खेकसते.

जोडीचं मात्र सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडकलं. आमच्याकडे ऑफ-सीझनला प्रत्येक पोरीची जोडी असते. एका जोडीला एका रंगाच्या बंड्या. एकीने पोटाचे व्यायाम करायचे, दुसरीने तिचे पाय धरायचे. आणि नियम असा, की जोडीदार आली नाही तर तिच्या वाट्याचं तू करायचं. तुझी फेरी झाली की लगेच तिची फेरी. सबब चालत नाही. ऐकायला दुष्टपणा वाटतो, पण त्यात गंमत आहे. स्वतःसाठी अंथरुणातून उठायचा कंटाळा येतो, आपल्यामुळे मैत्रीण दुप्पट मरेल म्हटलं की माणूस गुपचूप उठतं. आमच्याकडे दांड्या मारायचं बंदच झालं.

जोडी सुटायची रीतही एकच. जिला संघ सोडायचाय, तिने आपली बंडी खिडकीतून माझ्या हातात द्यायची. मी ती घेऊन रांगेसमोर जायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "अमकी, जमा." तेवढं म्हटलं की राहिलेली मोकळी. मग कोच तिला नवी जोडी लावतात. मी म्हटल्याशिवाय लावत नाहीत. ही रीत कोणी घातली देव जाणे, मी कामाला लागले तेव्हाही होतीच.

खांब आणि टाच, नारिंगी रंग. खांब म्हणजे आमची बचावातली उंच पोरगी. नाकासमोर चालणारी, विचारलं तर बोलणारी. शाळेपासून आमच्या घरात वाढल्यासारखीच. दोघी माझ्या घरी एका ताटात जेवायच्या आणि शेवटच्या घासावरून भांडायच्या.

ऑफ-सीझनच्या पहिल्या दिवशी कोच ओरडले, "जोड्या!" सगळ्या दोघी-दोघी उभ्या राहिल्या. खांबही राहिली, शेजारी एका माणसाची जागा मोकळी सोडून. कोचनी त्या जागेकडे पाहिलं, मग माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी मान खाली घातली. माझ्या लेकीची नारिंगी बंडी फळीवर होती, घडी घालून. ती कोणी माझ्या हातात दिली नव्हती. आणि मी ती कुठे घेऊन जाणार नव्हते. कोचनी शिट्टी वाजवली.

सगळ्यांच्या फेऱ्या झाल्या. पोरी पाण्याच्या पिंपावर तुटून पडल्या. खांब मात्र वळली आणि पुन्हा वाटेला लागली. जोडीदाराची फेरी. मी मशीनमध्ये कपडे कोंबत होते, अजून बटण दाबलं नव्हतं. खांबाच्या ढांगा खिडकीखालून गेल्या, आणि त्यांच्या मागे, थोडंसं अंतर ठेवून, टप, खर्र. टप, खर्र.

माझ्या हातातला टॉवेल गळून पडला. धावत बाहेर आले. वाटेवर खांब एकटीच पळत होती, उन्हात धूळ उडत होती, बाकी काही नाही. "बाई, डोकं ठिकाणावर ठेव," मी स्वतःलाच झापलं, आणि आत येऊन टेबलाला धरून उभी राहिले. खांब वळसा घालून परत आली. ढांगा गेल्या. मागून खर्र आलं. माझं पोर मागे राहिलं होतं, नेहमीसारखं, आणि दम लागला होता तिला. ते मला पावलावरूनही कळतं.

भीती वाटली का? छे. भीती कसली, माझीच तर ती. मी खिडकीला कान लावला आणि ढसाढसा रडले, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला झोप लागली.

मग तो माझा नेमच झाला. खांब जोडीची फेरी घ्यायला निघाली की मी दोन्ही मशीन बंद करायची. पंखा बंद. माळ्याचं पाण्याचं इंजिन चालू असलं तर त्याच्यावर डाफरायचं. "काय झालं मावशी?" "डोकं दुखतंय, बंद कर म्हटलं ना!" तो बिचारा बंद करायचा. मग मी खिडकीशी उभी. टप, खर्र. दिवसभरात मी तेवढ्यासाठीच जगत होते, खोटं कशाला बोलू. लेकीची बंडी दर आठवड्याला बाकीच्या बंड्यांबरोबर धुवायची, वाळवायची, पुन्हा घडी घालून फळीवर. घाम कोणाचा नव्हता, तरी धुवायची.

एकदा आमचे हे मला न्यायला लवकर आले. मी म्हटलं, "अहो, इथे उभे राहा. बोलू नका. ऐका." ते उभे राहिले. हे फार साधे आहेत, मी सांगितलं तर भिंतीलाही कान लावतील. खांब गेली, मागून माझी लेक गेली. मी ह्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"ऐकलंत?"

ते खिडकीतून वाकून वाटेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मला एकच पोरगी पळताना ऐकू आली. आणि तिचा पाय दुखतोय."

"तुमचे कान गेलेत," मी म्हटलं.

"असतील. पण तिचा पाय दुखतोय गं."

घरी जाईपर्यंत मी त्यांच्याशी चकार शब्द बोलले नाही.

मला ठाऊक होतं. ह्यांनी सांगायच्या आधीपासून ठाऊक होतं. खांबाचे मोजे मीच धुवायचे. डाव्या मोज्याला पट्टीचा चिकटा लागलेला असायचा. एके दिवशी तिला आत ओढली, टेबलावर बसवली आणि मोजा खाली केला. नडगी सुजून तुकतुकीत झालेली. बोट टेकवलं तर पोरगी ओठ चावून छताकडे बघायला लागली.

"कधीपासून?"

"थोडंच आहे, मावशी."

"थोडंच? हे थोडंच? आरशात बघितलंस का स्वतःला? रया गेलीय पार. काय खातेस का नाही?"

"कोचना सांगू नकोस," ती म्हणाली. "ते फेरी बंद करतील."

इथे कोणत्याही शहाण्या बाईने त्या पोरीचा हात धरून तिला कोचपुढे नेऊन उभी केली असती. मी काय केलं? कपाटातून चिकटपट्टी काढली. नडगीवर बर्फ फिरवला, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्टी बांधली, छान घट्ट, माझा हात बसलाय त्यात. मोजा वर ओढला. म्हटलं, "जरा हळू पळ." जरा हळू पळ म्हटलं, पळू नकोस म्हटलं नाही. ती उतरली आणि गेली. मी मशीन बंद केलं.

दोन-चार दिवसांनी कोच स्वतः खिडकीशी आले. पोरींपुढे वाघ, माझ्यापुढे हातातली शिट्टी फिरवत उभे.

"मावशी, नवी मुलगी आलीय. डावखुरी आहे, चपळ आहे. तिला जोडी नाही."

"मग लावा."

"खांबाबरोबर लावावी म्हणतो. निवड चाचणी तोंडावर आलीय. खांबाला मोठ्या संघात घेतील, मी शब्द टाकलाय. पण ती थकलेली दिसते. दुप्पट पळून पळून..." त्यांनी फळीकडे पाहिलं. "तुम्ही जमा म्हटलंत तरच. मी तुम्हाला म्हणा म्हणणार नाही."

"का नाही म्हणणार? तुम्ही कोच ना? मैदान तुमचं, पोरी तुमच्या!"

"ती बंडी तुमची आहे, मावशी," ते हळूच म्हणाले.

मी उगाच फळीवरची घडी सारखी केली. शेवटी म्हटलं, "राहू दे अजून थोडे दिवस." कोच मान हलवून गेले. नवी पोरगी दुसऱ्याच एका जोडीत तिसरी म्हणून लटकत राहिली, आणि खांब पळत राहिली.

मग ती संध्याकाळ आली. ऊन उतरलं होतं. सगळ्या पोरी कपडे बदलायला गेल्या होत्या, खांब वाटेवर होती. मी मशीन, पंखा, सगळं बंद करून कान लावला. टप, खर्र. आली माझी. मी डोळे मिटले. आणि लगेच मागून पुन्हा, टप, खर्र.

दोन. दोन्ही डावीकडून घासणाऱ्या. लांब ढांगा कुठेच नव्हत्या. मी डोळे उघडले, खिडकीच्या चौकटीला धरून वाकले. पावलं वळसा घालून पुन्हा आली, एकामागून एक, आणि मला ओळखता येईना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळेना माझी कोणती.

बाहेर आले. नारिंगी बंडी, डावा पाय ओढत, एक पोरगी पलीकडच्या वळणावर माझ्याकडे पाठ करून पळत होती. खांदे पडलेले, मान एका बाजूला. हुबेहूब. माझी टाच. खरं सांगते, त्या क्षणाला मला आनंद झाला. पोटातून उकळी फुटावी असा आनंद. "आली गं बाई," असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा.

ती वळली, आणि चेहरा खांबाचा होता. ओठ पांढरे पडले होते तिचे. माझं एक पोर गेलं, आणि मी दुसऱ्याच्या पोराला घासून घासून तिच्या मापाचं करत होते.

"थांब!" मी ओरडले. "थांब म्हणते ना! मेले, थांब!"

ती थांबली नाही. लंगडत माझ्यापर्यंत आली आणि माझ्या खांद्यावर कोसळली. एवढी उंच पोरगी, पण वजनच उरलं नव्हतं. मी तिला पायरीवर बसवली.

"अजून अर्धी राहिली," ती म्हणाली.

"खड्ड्यात गेली ती अर्धी! कशासाठी जीव काढतेस? सांग ना! तिच्यासाठी? ती येते तुझ्या मागून, ते ऐकू येतं म्हणून?"

खांबाने मान हलवली. "मला नाही येत ऐकू."

"काय?"

"मी खूप ऐकायचा प्रयत्न केला, मावशी. मला काहीच नाही येत ऐकू. पण तुला येतं ना? पहिल्या दिवशी तू बाहेर पळत आलीस, तेव्हा कळलं मला. मग तू रोज मशीन बंद करायला लागलीस." ती रडत नव्हती, नुसती धापा टाकत होती. "मी थांबले तर तुला ती भेटणार नाही. म्हणून."

मी तिचं डोकं पोटाशी धरलं आणि तिच्या घामट केसांवरून हात फिरवत बसले. कितीतरी वेळाने म्हटलं, "गाढव आहेस. दोघी गाढवच होतात तुम्ही."

मग तिला दंडाला धरून तशीच कोचपुढे नेली आणि सगळं सांगितलं, पट्टी मीच बांधत होते हेही. कोचनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. सकाळी डॉक्टरांनी नडगीचा फोटो काढला. हाडाला चीर पडायच्या बेतात होती, पडली नव्हती. आणखी थोडे दिवस पळाली असती तर चाचणी सोडा, पुन्हा नीट धावणंही कठीण होतं, असं ते म्हणाले. आता सक्तीची विश्रांती. आमचे हे दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसले होते. "मी म्हटलं होतं" असं एकदाही म्हणाले नाहीत. त्याचाच मला जास्त राग आला.

त्या दुपारी कोच ओरडले, "जोड्या!" पोरी उभ्या राहिल्या. खांब कडेला खुर्चीवर, पाय उपड्या बादलीवर ठेवून. मी फळीवरून बंडी काढली. घडी मोडली नाही. खोलीचं दार ते रांग, एवढंसं अंतर, पण पाय उचलेनात. पोरी माझ्याकडे वळल्या. त्यांना कळलंच होतं माझ्या हातात काय आहे ते. माळीसुद्धा पाण्याची नळी तशीच वाहती ठेवून उभा राहिला.

मी रांगेसमोर उभी राहिले.

"टाच," मी म्हटलं. मग म्हटलं, "जमा."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गोलकीपर हमसून रडायला लागली. कोचनी टोपी काढली. मग नव्या पोरीला खूण केली. ती पुढे आली, एवढीशी, घाबरलेली. मी बंडी तिच्या अंगावर धरली, तिच्या गुडघ्यापर्यंत आली.

"घाल," मी म्हटलं. "धुतलेलीच आहे. आणि हरवलीस तर तंगडं मोडीन."

"हो मावशी," ती म्हणाली, आणि जाऊन खांबाच्या खुर्चीशेजारी उभी राहिली.

नियम म्हणजे नियम. जोडीदार बसून होती, म्हणजे नवीवर पहिल्याच दिवशी दुप्पट फेरी आली. "पहिल्याच दिवशी?" ती किंचाळली. खांब हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "पळ पळ, मी मोजते," म्हणाली.

मी आत आले. दोन्ही मशीन भरली, पावडर टाकली, बटणावर बोट ठेवलं. खिडकीखालून नवीची पावलं गेली, चिमणीसारखी, पटपट. मागून काही नाही. वळसा घालून पुन्हा आली. काही नाही. फेरी संपली, पोरी पाणी प्यायल्या, हसत-खिदळत कपडे बदलायला गेल्या. कोचनी खांबाला आधार देऊन नेलं. वाट रिकामी झाली. मी बोट तसंच ठेवून उभी होते, कशासाठी ते मलाच ठाऊक.

आणि मग आली. टप, खर्र. एकटीच, कोणाच्या मागे नाही, घाई नाही. खडीवरून सावकाश खिडकीपर्यंत आली आणि थांबली. बंडी द्यायला पोरी उभ्या राहतात ना, अगदी तिथेच.

मी मान वर केली नाही. केली असती तर सोडलं नसतं मी तिला.

"झालं गं जमा," मी म्हटलं. "बंडी मिळाली मला. आता जा. आणि टाच उचल, बाळा. किती वेळा सांगायचं? टाच उचलून चालत जा नीट."

मी थांबले. पुष्कळ वेळ थांबले. पंखा बंद होता, माळ्याचं इंजिन बंद होतं, बाहेर वाऱ्याची झुळूकही नव्हती. खडी अजिबात वाजली नाही. माझ्या पोरीने आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं होतं.

मग मी बटण दाबलं.